भूल देण्याआधीचे शब्द

‘काही नाही, मुंगी चावल्यासारखे वाटेल.’ सुई टोचण्यापूर्वी रुग्णाला धीर देण्यासाठी हे वाक्य सर्रास उच्चारले जाते. हेतू चांगलाच असतो; परंतु अशा धीराने वेदना वाढते, असे बोस्टनमधील एका अभ्यासात २०१० मध्ये आढळले. प्रसूतीच्या वेळी पाठीत भूल दिल्या जाणाऱ्या १४० स्त्रियांचे त्यात दोन गट केले होते. ‘जागा बधिर होईल, मग त्रास जाणवणार नाही’, असे एका गटाला सांगितले गेले. दुसऱ्याला, ‘मोठी मधमाशी डसल्यासारखे वाटेल, सर्वांत त्रासाचा भाग हाच.’ सुई तीच, औषध तेच. दहापैकी वेदनेचा मध्यम आकडा पहिल्या गटात ३, तर दुसऱ्यात ५ निघाला. मुंगी मधमाशीपेक्षा लहान, एवढाच काय तो आपल्याकडचा दिलासा!

मग रुग्णापासून सत्य दडवायचे काय? मुळीच नाही. त्याच शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांवरील अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला भूलतज्ज्ञांनी आधीच भेटून वेदना होणार हे स्पष्ट सांगितले. ती कुठे होईल, स्नायू सैल कसे सोडावेत, कुशीवर कसे वळावे हेही समजावले. शस्त्रक्रियेनंतर या गटाला लागलेली अफूवर्गीय वेदनाशामके निम्म्यावर आली. फरक पडला तो वेदनेवर आपला काही ताबा आहे, या भावनेने.

हे साठ वर्षांपूर्वी कळूनही गर्दीच्या रुग्णालयांत अनेकदा भूलतज्ज्ञाची पहिली भेट शस्त्रक्रियागृहाच्या दाराशीच होते. तोवर संमतिपत्रावर सही झालेली असते आणि त्यातील धोक्यांची यादी तेवढी रुग्णाच्या मनात घोळत असते. भेटीला औषधाचा खर्च नाही, पण वेळ लागतो. आणि बोलण्यात गेलेला वेळ बिलात कुठे दाखवायचा, ही व्यवस्थेची खरी अडचण आहे.

जर्मनीतील पाच रुग्णालयांत ३८५ रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पूर्ण भुलीतील रुग्णांना हेडफोनवरून संगीतासह आश्वासक मजकूर ऐकवला गेला. त्यांची वेदनाशामकांची गरज पहिल्या चोवीस तासांत सुमारे एक तृतीयांशाने घटली. ध्वनिमुद्रण स्वस्त आणि सोयीचे खरे. पण ‘डॉक्टर, मी मध्येच जागा झालो तर?’ या आदल्या रात्रीच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.