वही एकाची, हिशेब कोणाचा?

वेबसाइटची ‘डॉट इन’ नावं विकणारे रजिस्ट्रार ढीगभर, पण मूळ नोंदवही एकच, निक्सी या संस्थेची. त्यात गैर काही नाही. एका नावाचे दोन मालक निघाले तर सगळाच घोळ. पण दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर छापलेलं नाव नूतनीकरण महागलं म्हणून कोणी बदलतो का? तिथेच मक्तेदारी चावते. शिवाय नियम निक्सीचे आणि नावावरून तंटा झाला तर लवाद नेमणारीही तीच! ब्रिटनमध्ये ‘डॉट यूके’ सांभाळणाऱ्या नॉमिनेटच्या सभासदांनी (बहुतेक नावं विकणारेच, म्हणजे अगदी निःस्वार्थी नव्हेत) मार्च २०२१ मध्ये मतदान करून अध्यक्षांनाच घरी बसवलं. आपल्याकडे बंड नको, पण घाऊक दर आणि तंटे तरी स्वतंत्र नियामकाकडे सोपवा.