ताप उतरवण्याची घाई थांबवा : तालुक्यातील पालक, शाळा आणि दवाखान्यांना जाहीर आवाहन

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या गावात तापाने फणफणलेल्या चार वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीने चमचाभर औषध पाजले. औषध पॅरासिटामॉलच होते आणि चमचाही नेहमीचा, पाच मिलिलिटरचा. फरक एवढाच की या वेळी घरात सिरपऐवजी थेंबांची बाटली आली होती. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये साधारण १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर थेंबांच्या एका मिलिलिटरमध्येच १००. मुलाचे वजन बारा किलो. त्याला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम पुरले असते. पोटात गेले ५००. काही तासांनी पुन्हा तेवढेच, आणि ताप हटत नाही म्हणून तिसऱ्यांदा. जोडीला सर्दीचे सिरप चालू होते, त्यातही पॅरासिटामॉल होतेच. वेळीच रुग्णालय गाठल्याने मुलगा सुखरूप घरी आला. त्याला मुळात झाली होती साधी सर्दी.

आजीला बोल लावणारे पुष्कळ निघाले. हे आवाहन काढणाऱ्या आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना त्याचाच संताप आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "ताप आल्यास एक चमचा" एवढेच लिहिले होते, वजनाचा उल्लेख नाही, किती तासांनी द्यायचे ते नाही. दुकानात सिरप संपले होते म्हणून थेंब दिले गेले आणि ते पिपेटने द्यायचे हे सांगायला कोणाला सवड झाली नाही. आणि घरात, शेजारी, फोनवर सगळ्यांचा एकच घोशा : ताप उतरला का? मूल पाणी पितंय का, लघवीला गेलं का, खेळतंय का, हे कोणी विचारले नाही.

करोनाच्या लाटेत गल्लोगल्ली ऑक्सिमीटर घेऊन फिरलेल्या या मंडळाला आता थर्मामीटर घेऊन फिरावे लागते आहे, तेही ताप मोजण्यापेक्षा तापाची धास्ती उतरवण्यासाठी. पावसाळ्यात घरोघरी ताप येणार. तेव्हा आधी मूळ गोष्ट समजून घ्यावी.

ताप हा आजार नव्हे. तो आजाराला शरीराने दिलेला जबाब आहे. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रक्तात काही रसायने सोडतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस हे केंद्र अंगाच्या उष्णतेची ठरलेली पातळी वर नेते, गिझरचा काटा वर सरकवावा तशी. अंग अजून त्या पातळीला पोचलेले नसते म्हणून थंडी वाजते, हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. पातळी पुन्हा खाली आली की घाम फुटतो. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते हे दाखवले आणि १९८२ मध्ये त्यांना त्या संशोधनासाठी नोबेल मिळाले. म्हणजे तापाची गोळी हा काटा खाली ओढते. जंतूंना ती हातही लावत नाही.

काटा वर नेण्यात शरीराचा फायदा काय? सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस नाकातल्या ३३ अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडाव्यात जोमाने वाढतात, उष्णता वाढली की मंदावतात. तापात यकृत रक्तातले लोह कोंडून ठेवते, त्यामुळे वाढीसाठी लोह लागणाऱ्या जीवाणूंची उपासमार होते. २०१९ मध्ये शांघायच्या संशोधकांनी दाखवले की तापाच्या उष्णतेने लसिका पेशींमध्ये एक प्रथिन वाढते आणि त्याच्या मदतीने त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून लसिकाग्रंथींत आणि लागण झालेल्या जागी अधिक वेगाने पोचतात.

सरड्यांचा प्रयोग तर शाळेच्या पुस्तकात असायला हवा. सरड्याला अंग आतून तापवता येत नाही, ऊब हवी तर तो उन्हात जाऊन बसतो. अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जीवाणू टोचले, तेव्हा ते आपण होऊन जास्त उष्ण जागी जाऊन बसले. १९७५ मध्ये त्यांनीच दाखवले की जीवाणूंच्या लागणीनंतर उष्ण ठेवलेले इग्वाना जास्त जगले आणि थंड ठेवलेले जास्त मेले. पुढच्या वर्षी काही इग्वानांना ताप दाबणारे औषध दिले. ज्यांचे अंग त्यामुळे तापलेच नाही, ते दगावले. माणसांच्या मुलांचेही एक उदाहरण आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कांजिण्यांच्या मुलांना पॅरासिटामॉल दिल्यावर सगळ्या फोडांवर खपली धरायला सरासरी ६.७ दिवस लागले, न दिलेल्यांना ५.६. खाजही कमी झाली नाही.

याचा अर्थ गोळी विष आहे असा कोणी काढू नये. २०१५ मध्ये अतिदक्षता विभागातल्या ७०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉलने नुकसान दिसले नाही, आणि रुग्णांनी अतिदक्षता विभागाबाहेर काढलेले दिवसही लक्षणीय वाढले नाहीत. अंग ठणकते आहे, मूल किरकिरते आहे, पाणीसुद्धा पीत नाही, तर गोळी जरूर द्यावी. ती आरामासाठी आहे. मूल गाढ झोपले असताना, थर्मामीटरने १०१ दाखवले म्हणून, त्याला उठवून औषध पाजण्यात कसले आले शहाणपण?

"ताप डोक्यात जाईल" हे आपल्याकडचे ठेवणीतले वाक्य. जंतुसंसर्गाच्या तापाला मेंदू स्वतःच लगाम घालतो, तो सहसा १०६ च्या पुढे जाऊ देत नाही. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वरात खुद्द आजारामुळे, किंवा उष्माघातात. उष्माघातात काटा वर गेलेलाच नसतो, बाहेरच्या उष्णतेने शरीर हरलेले असते. तिथे गोळीचा उपयोग शून्य. अंगावर गार पाणी ओतत रुग्णालयात पळायचे. विदर्भातल्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण दर मे महिन्यात सांगावे लागते.

दुसरा बागुलबुवा आकडीचा. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो हे खरे, पण बहुतेक मुलांना तिचा पुढे काहीही त्रास राहत नाही. आणि तापाची गोळी वेळेवर देत राहिल्याने ती टळत नाही. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, कांदा काहीही घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णालय. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी डॉक्टरांना दाखवावे.

"सुई मारल्याशिवाय ताप जात नाही", "सलाईन लावा म्हणजे ताकद येईल" या आग्रहाला तर मंडळ आता उत्तर द्यायचेच सोडून देणार होते. तरी एकदा हिशेब सांगतो. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. जो माणूस तोंडाने पिऊ शकतो, त्याला मीठ-पाणी शिरेतून कशासाठी? दोष मागणाऱ्याचा आहे तसाच देणाऱ्याचाही आहे. विषाणूच्या तापात अँटिबायोटिक निरुपयोगी असते हे प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये सौम्य तापासाठी अँटिबायोटिक देऊ नये असे स्पष्ट बजावले. मार्च २०२३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशननेही तापाच्या साथीत तेच सांगितले. तरी मेडिकलमध्ये तीन दिवसांचा कोर्स सुटा मिळतो आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात जातात. हे लाजिरवाणे आहे.

औषधांच्या या हव्यासाची किंमत नागपूरने पाहिली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली वीसहून अधिक मुले दगावली. त्यातली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. सुरुवातीचे दुखणे सर्दी, खोकला, ताप. दिलेल्या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले, जे मूत्रपिंडे निकामी करते. भेसळ करणारा गुन्हेगार आहेच. पण आपोआप बऱ्या होणाऱ्या सर्दीतापाला इतक्या लहान मुलांना ते सिरप मुळात हवेच कशाला होते? सर्दीच्या सिरपांत सर्रास असणारे क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावले होते. नाइमसुलाइडवर तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. घरातल्या बाटल्यांवर ही नावे शोधावीत. आजच.

तापात करायचे काय? पाणी, पुन्हा पाणी. शरीराची उष्णता एक अंश सेल्सियसने वाढली की ऊर्जेचा खर्च दहा-बारा टक्क्यांनी वाढतो आणि घामातून आणि श्वासातून पाणी जाते ते वेगळे. भाताची मीठ घातलेली पेज, मुगाचे कढण, ताक, लिंबू सरबत, जलसंजीवनी, जे घशाखाली उतरेल ते थोडे थोडे द्यावे. अंगावरच्या बाळाचे दूध तोडू नये. मुलांना लंघन घडवू नये, पण दोन दिवस भाकरी नको म्हटले तर बळजबरीही करू नये. थंडी वाजत असेल तेवढ्यापुरते पांघरूण, नंतर पातळ सुती कपडे आणि उघडी खिडकी. रजईत गुंडाळून घाम काढणे बंद. बर्फाच्या पट्ट्याही बंद, त्याने हुडहुडी भरते आणि आतली उष्णता आणखी वाढते. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन कधीही नाही. मोठ्यांनीही डेंगीची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

घाई करायची ती नेमकी इथे. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी एक तासही काढू नये. मान ताठ होणे, धाप, गुंगी, दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे डाग, सतत उलट्या, आठ तासांत लघवी नाही, असे काही दिसले तर रात्र असो की पाऊस, निघावे. ताप तिसऱ्या दिवशीही असेल तर डॉक्टर आणि रक्ततपासणी, थंडी वाजून येत असेल तर मलेरियासाठी पहिल्याच दिवशी. मलेरियाची तपासणी आशाताई गावातच करतात. पुराच्या किंवा शेताच्या पाण्यात पाय घातले असतील तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) आठवण डॉक्टरांना स्वतः करून द्यावी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोच्या साथीचे दिवस पाहिले आहेत. तापाचे आजार आणखीही आहेत : सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात माकडताप, विदर्भात २०१८ साली पसरलेला स्क्रब टायफस. प्रत्येकाचा इलाज वेगळा. नुसत्या गोळीने आकडा खाली आणत राहिले तर हे आजार दबा धरून बसतात. आणि डेंगीत ताप उतरल्यावरचे एकदोन दिवसच सर्वांत धोक्याचे असतात. पोटात जोरात दुखणे, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे ही लक्षणे तेव्हाच दिसतात. ताप गेला म्हणून रुग्ण घरी आणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

राहिला मुद्दा विश्रांतीचा, आणि इथे मंडळ कोणालाही सोडणार नाही. ताप आलेल्या माणसाला पडून राहावेसे वाटते, ती शरीराचीच मागणी असते. आपल्याकडे ताप अंगावर काढण्याचे कौतुक होते. घरातली बाई तापात भाकऱ्या थापते आणि सगळे जेवतात. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला खाडा परवडत नाही, मुकादम पैसे कापतो. चाचणी परीक्षा बुडेल म्हणून सकाळी गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवले जाते, दुपारी गोळीचा असर संपतो आणि तोवर अख्ख्या बाकाला लागण झालेली असते. पालकांनी हे बंद करावे. ताप गेल्यावर, गोळीशिवाय पूर्ण एक दिवस काढल्याखेरीज मुलाला शाळेत धाडू नये. मुख्याध्यापकांनी त्या दिवसांची परीक्षा नंतर घ्यावी. कारखानदार, दुकानदार आणि मुकादमांनी तापाच्या सुट्टीचे पैसे कापू नयेत.

डॉक्टरांना विनंती : चिठ्ठीवर मुलाचे वजन, औषध किती मिलिलिटर आणि किती तासांनी, हे मराठीत लिहावे. औषध दुकानदारांनी सिरपऐवजी थेंब देताना पिपेटवर खूण करून दाखवावी. त्याला अर्धे मिनिट लागते.

येत्या ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या सभेत या मागण्यांचा ठराव मंडळ मांडणार आहे. ठराव तयार आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मंडळाचे कार्यकर्ते या आठवड्यात प्रत्येक वाडीवस्तीवर सह्या घ्यायला येतील. त्याच फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांचे वजन करून, पॅरासिटामॉलचा त्यांच्यापुरता डोस मिलिलिटरमध्ये लिहिलेले कार्ड घरात लावून दिले जाईल. घरी कोणीतरी थांबावे आणि मुलांना थांबवून घ्यावे.