आळवे यांची जबानी

मराठी आत्मचरित्राच्या चर्चेत अर्जुन आत्माराम आळवे यांचे नाव येत नाही, हे केवळ अनवधान नव्हे. 1928 मध्ये मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्या संपात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष आळवे स्वतः गिरणीतले कामगार होते. 1929 मध्ये मेरठ कटाच्या खटल्यात त्यांना अटक झाली. न्यायालयापुढे त्यांनी आपली जीवनकथा सांगितली. 1933 मध्ये शिक्षा झाली. त्याच वर्षीची, गिरणीजीवनावरील मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी वाङ्मयेतिहासात स्थिरावली. ते योग्यच झाले. परंतु कामगारावर लिहिले तर साहित्य आणि कामगार स्वतः बोलला तर निव्वळ पुरावा, ही वाटणी वाङ्मयीन नसून वर्गीय आहे. समीक्षेने ती मोडलीच पाहिजे.