विश्लेषण : खुब्याच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळतात, पुन्हा चालण्याचे काय?

रात्री बाथरूमला जाताना तोल गेला आणि आजींचे खुब्याचे हाड मोडले, हा प्रसंग बहुतेक कुटुंबांच्या ओळखीचा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळू लागल्याने शस्त्रक्रियेच्या खर्चाची धास्ती काहीशी कमी झाली. तरीही शस्त्रक्रिया उत्तम होऊन अनेक ज्येष्ठ अंथरुणातच राहतात. असे का होते?

शस्त्रक्रिया नेमकी कशासाठी?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे असते. त्याच्या मानेपाशी हाड मोडले आणि सरकले, तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वृद्धांमध्ये ते जुळण्याची खात्री नसल्याने बहुधा कृत्रिम गोळा बसवतात. घरचे म्हणतात ‘बॉल बदलला’. मानेच्या खाली मोडले तर रॉड किंवा प्लेट-स्क्रू टाकतात. दोन्हींचा हेतू एकच, रुग्णाला लवकरात लवकर पायावर भार देता यावा. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर ‘हाड जुळेपर्यंत हलू नका’ असे बजावणारे नातेवाईक, प्रेमापोटी का होईना, तिचा उद्देशच हाणून पाडतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे, प्रकृतीची अडचण नसल्यास, दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करून हालचाल सुरू करायला सांगतात.

पडून राहण्याची किंमत किती?

अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस केवळ झोपवून ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटले. त्यांचे हाड मोडलेले नव्हते, शस्त्रक्रियाही नव्हती. इथे तर दोन्ही असते. शिवाय न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी वर्षभरात २० ते ३० टक्के दगावतात, असे अनेक देशांतील आकडे सांगतात. वाचलेल्यांपैकी साधारण निम्मेच पूर्वीइतके चालू लागतात.

घाई किती करावी?

‘मुलगा अमेरिकेहून येऊ दे, मग ठरवू’ हे वाक्य अस्थिरोगतज्ज्ञांना नवे नाही. १७ देशांतील २,९७० रुग्णांवरील ‘हिप अटॅक’ चाचणी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. निदानापासून साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि साधारण २४ तासांनी झालेले, यांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र पहिल्या गटातील रुग्ण लवकर उभे राहिले आणि भ्रमाचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. म्हणजे काही तासांवरून घाबरण्याचे कारण नाही. पण ही तुलना सहा आणि २४ तासांची होती, चार दिवसांच्या प्रतीक्षेची नव्हे.

या भ्रमाविषयी घरच्यांना आधी सांगायला हवे. शस्त्रक्रियेनंतर आजोबा रात्री असंबद्ध बोलू लागले, सलाइन ओढू लागले की कुटुंब हादरते आणि त्यांना आणखी जखडून ठेवते. बहुतेकदा हा भ्रम तात्पुरता असतो. त्यांचा चष्मा, श्रवणयंत्र परत देणे आणि ओळखीचे माणूस जवळ असणे याने फरक पडतो.

घरी आल्यावर काय?

खरा प्रश्न इथे आहे. चालण्यातील बहुतांश सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते. त्यासाठी रोज वॉकर घेऊन चालणे, खुर्चीतून उठ-बस, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि पुरेशी प्रथिने लागतात. अनेकांना दुखण्यापेक्षा पुन्हा पडण्याची भीती अडवते. ती घालवायला शेजारी जाणकार माणूस लागतो. आयुष्मान भारतमध्ये मात्र रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच धरला जातो. टाके निघतात न निघतात तोच ही मुदत संपते. नंतरचा फिजिओथेरपिस्ट कुटुंबाच्या खिशातून. ज्यांना ते परवडत नाही तिथे वॉकर कोपऱ्यात उभा राहतो.

हाडांच्या ठिसूळपणाचेही असेच. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक आम्लाचे वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन सुरू केलेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्येच दिसले होते. मूत्रपिंडाची तपासणी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी पाहून ते देता येते. तरीही एकदा हाड जोडले की ते मोडले कशामुळे, हा विषय मागे पडतो.

सरकारी व्यवस्थेत तरतूद नाही असे नाही. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी आणि सामुदायिक आरोग्य केंद्रातील पुनर्वसन कर्मचाऱ्याने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणे अपेक्षित आहे. हा कर्मचारी घरी आला नाही, तर जिन्यावरून उतरू न शकणाऱ्या आजींना रिक्षा करून जिल्हा रुग्णालय गाठावे लागते, तेही आठवड्यातून दोन-तीनदा आणि कोणाचा तरी रोजगार बुडवून. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर बहुतेक घरांत ‘आता बसून खा’ असे ठरते.