तुंबलेली मोरी आणि भाडेकरूचा हक्क

माण तालुका हा अवर्षणाचा मुलूख. येथे पाणी येणार कधी, याची चर्चा सतत चालते. आलेले पाणी जाणार कोठे, हे मात्र कोणी विचारीत नाही. निवृत्तीनंतर मी याच तालुक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. गेल्या वैशाखात आमच्या मोऱ्या उलटल्या आणि घाण पाणी उंबऱ्यापर्यंत आले. टंचाईच्या गावी गटार तुंबावे यात विरोधाभास नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येते. एरवी मोरीतून जाणारी धार इतकी बारीक असते की खरकटे, राख व तेलकटपणा नळीतच बसतो. पाण्याच्या दिवशी साऱ्या बिऱ्हाडांची धुणी एकदम निघतात आणि आधीच अरुंद झालेली नळी उलटते.

मालक म्हणाले, खरकटे तुम्ही टाकता. आम्ही म्हणालो, नळीला उतारच नाही. वाद मिटला तो चेंबरचे झाकण उघडल्यावर. एकच मोरी तुंबली तर दोष तिच्या जाळीत वा वळणात असतो. सगळ्या उलटल्या तर मुख्य नळीत. चेंबर भरलेले असेल तर अडथळा त्याच्या पुढे. रिकामे असेल तर घराच्या बाजूस. आमचे भरलेले होते आणि पुढची नळी आवारातच खचलेली होती. दोष उघडच मालकाच्या मालमत्तेचा होता.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या क्षेत्रांना लागू आहे, तेथे कलम १४ अन्वये जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. तरतूद चांगली, पण उंबऱ्याशी घाण असताना पंधरा दिवस थांबायचे कोणी? शिवाय अकरा महिन्यांच्या परवाना-कराराने राहणाऱ्यास भाडेकरू हे नावही लाभत नाही. डागडुजीचा खर्च मालकाचा आणि तो टाळल्याचा त्रास दुसऱ्याचा, अशी वाटणी असेल तेथे दुरुस्ती लांबणीवर पडणारच. हा स्वभावदोष नव्हे. व्यवहाराची रचनाच तशी आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच घडली. शौचकूपाची टाकीही भरलेली निघाली, तेव्हा मालकांनी थोड्या पैशांत आत उतरणारा एक तरुण आणला. आम्ही त्याला उतरू दिले नाही. पुरेशा संरक्षक साधनांविना गटारात वा टाकीत माणूस उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण मेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही. टाकी उपसणारे यंत्र मागविले. जादा खर्च मालक व चार बिऱ्हाडांनी वाटून घेतला.

नोटीस मात्र आम्ही चौघांनी मिळून दिली. कायद्यास संयुक्त नोटीस मान्य आहे. एकट्याला बिऱ्हाड हलवायला सांगता येते, चौघांना सांगणे जड जाते. नळी महिन्याभरात बदलली गेली. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत एवढे करावे: भाड्याची पावती मागायला शिकवावे, नोटीस लिहून द्यावी, आणि आपल्या घरची घाण काढताना कोणाचा जीव जाणार नाही, हे आधी पाहावे.