गुप्तधन : कायद्याचा तराजू आणि सराफाची मूस

परसात आंब्यासाठी खड्डा घेताना कुदळ एखाद्या घागरीवर आपटली, तर घरातील पहिली सूचना बहुधा 'कोणाला सांगू नका' हीच असते. या सावधपणास लोभ म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु त्याला १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानेही खतपाणी घातले आहे.

दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे या कायद्याने बंधनकारक आहे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निधी शंभर वर्षांपूर्वीचा व बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश, अशी वाटणी आहे. येथवर व्यवहार न्याय्य भासतो. मेख आहे ती सोळाव्या कलमात. सरकारला वस्तू हवी असल्यास मूळ धातूची किंमत व तिच्यावर एक पंचमांश एवढे मोल देऊन ती घेता येते. म्हणजे सातवाहनांचे तांब्याचे नाणे या तराजूत तांबेच! सराफही धातूचेच मोल देतो. पण तो पंचनामा करीत नाही, खेपा घालावयास लावीत नाही. मुशीत गेलेले नाणे मात्र पुन्हा वाचता येत नाही.

इंग्लंडने १९९६ च्या कायद्यानंतर बाजारभावापर्यंत बक्षिसाची पद्धत ठेवली. २०२० साली हॅम्पशायरमधील एका कुटुंबास बागेतील तण काढताना ६३ सोन्याची व एक चांदीचे नाणे मिळाले आणि त्यांची रीतसर नोंद झाली. तिकडची माणसे अधिक सज्जन आहेत, असा याचा अर्थ नव्हे.

भारतात बाजारभाव ठरविणे कठीण, हा आक्षेप खरा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी निर्यातीस बंदी असल्याने येथील खुला बाजार आक्रसलेला आहे. तरीही तज्ज्ञांच्या समितीने मोल ठरवून ते ठराविक मुदतीत देणे अशक्य नाही.

प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा व बैल जुंपलेला रथ ही चार ब्राँझ शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक होते. मोडीच्या भावाने, वर पंचमांश चढवून, त्यांचे मोल किती झाले असते, हा हिशेब शालेय मुलासही करता येईल.