परीक्षा स्पॅनिशची, प्रश्न घरचा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली अनेक मुले शाळेत परकी भाषा म्हणून स्पॅनिश घेतात. शेजारी मेक्सिको, बाजारात स्पॅनिश, दवाखान्यातल्या पाट्यांवर स्पॅनिश; तेव्हा निवड समजण्यासारखी आहे. त्यांतली हुशार मुले पुढे 'एपी' नावाच्या परीक्षेला बसतात. गुण एक ते पाच. चांगले गुण पडले तर बऱ्याच महाविद्यालयांत एखादा विषय आधीच पदरात पडतो आणि तेवढी फी वाचते. त्यामुळे आईवडील या परीक्षेकडे आपल्याकडच्या दहावीच्या गांभीर्यानेच पाहतात.

ही परीक्षा मे २०१४ मध्ये नव्या स्वरूपात आली आणि तिच्या नावातच 'भाषा आणि संस्कृती' असे शब्द आले. त्या स्वरूपातला एक प्रश्न मुलांना फार जड गेला. विषय दिला जाई, विचाराला चार मिनिटे आणि बोलायला दोन. करायचे काय, तर आपल्या समाजातली एखादी रीत आणि स्पॅनिश बोलणाऱ्या कुठल्याही प्रदेशातली तशीच रीत यांची स्पॅनिशमध्ये तुलना. क्रियापदांची रूपे घडाघडा म्हणणारी मुले इथे गप्प होतात.

मग यावर तोडगा म्हणून संस्कृतीच्या शिकवण्या आल्या. चांगले शिक्षक तिथेही आहेत, पण पुष्कळ ठिकाणी संस्कृतीची पुडी बांधून देतात. फ्लेमेंको नाच, बैलांची झुंज, पाएया नावाचा भात, एकमेकांवर टोमॅटो फेकण्याचा बुन्योल गावचा उत्सव. पुडी पाठ, विषय संपला! आता स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे. त्यात आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनीही आला. फ्लेमेंको आंदालुसियाचा, पाएया बालेन्सियाचा. बोलिव्हियाच्या माणसाला त्यांचे काय? आणि झुंजींचे म्हणाल तर कोलंबियाच्या संसदेने २०२४ मध्ये त्यांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. पुडीतले सामान जुने होते, याची पुडी बांधणाऱ्याला खबर नसते.

पाठांतराने संस्कृती पार पाडता येते अशी परीक्षाही आहे, नाही असे नाही. स्पेनचे नागरिकत्व मागणाऱ्यांसाठी २०१५ पासून एक चाचणी घेतात. प्रश्न पंचवीस, उत्तीर्ण व्हायला पंधरा बरोबर हवेत, आणि ते ज्या तीनशे प्रश्नांतून काढतात ते आधीच छापून मिळतात. बँकेत बढतीसाठी आम्हीही असल्या परीक्षा दिल्या आहेत. त्या उत्तीर्ण होता येतात. काउंटरवरच्या माणसाशी बोलायला त्यांचा उपयोग बेताचाच.

खरे गुण, आणि खरे संभाषण, दडलेले असते ते लहान गोष्टींत. नावाचेच घ्या. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला नावाचा रकाना पहिल्यांदा दिसतो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना आपण सर्रास 'मार्केस' म्हणतो, पण ते आईकडचे. ग्रंथालयात त्यांना 'ग'मध्ये शोधावे लागते. लग्नानंतर स्पेनमधली बाई नाव बदलत नाही. १९९९ च्या कायद्याने तर आईचे आडनाव आधी लावायची मुभाही आईवडिलांना मिळाली. आता ही माहिती झाली. तुलना केव्हा होते? मराठी मुलाने आपल्या नावात मधोमध वडिलांचे नाव का, आजीचे माहेरचे नाव कागदावरून कुठे गेले, हे सांगितले तर. महाराष्ट्र सरकारने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला, एवढे त्याला ठाऊक असेल तर दोन मिनिटे अपुरी पडतील.

संबोधनाचेही तसेच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. स्पॅनिशमध्ये जवळच्याला 'तू', मानाने 'उस्तेद', अर्जेंटिनात जवळच्याला 'वोस', आणि बोगोताकडे तर घरच्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणणारे भेटतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला हे नियम म्हणून घोकावे लागते. आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला ते उपजत कळायला हवे. स्पेन सरकारच्या 'देले' प्रमाणपत्राच्या परीक्षेत सणवारांवर थेट प्रश्न नसतो, पण पत्र कोणाला आणि कुठल्या सुरात लिहिले याला किंमत असते. मेक्सिकोतला माणूस 'आओरिता' म्हणतो. शब्दकोशात अर्थ 'आत्ता लगेच'. प्रत्यक्षात पाच मिनिटे, संध्याकाळ, कदाचित कधीच नाही. 'आलोच' म्हणून गेलेल्या मराठी माणसाची वाट ज्याने पाहिली आहे, त्याला तो शब्द एका दमात समजतो.

अडचण अशी, की या मुलांची दुसरी बाजू पक्की होते आणि पहिली रिकामी राहते. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात हे त्यांना येते. घरात वेदी मांडतात, फोटो ठेवतात, गेलेल्याच्या आवडीचे जिन्नस वाढतात, कबरस्तानात रात्र काढतात, गाणीबजावणी होते. 'आमच्याकडे पितृपक्ष असतो' इथपर्यंत मूल येते आणि थांबते. दोन्हीकडे गेलेला माणूस जेवायला येतो अशीच समजूत. मग तिकडे गाणी आणि इकडे पंधरवडाभर शुभकार्य वर्ज्य, असे का? पान बाहेर का ठेवायचे, कावळा शिवला नाही तर आजोबा हात जोडून काय कबूल करायचे? हे सांगायला शिकवणीचा मास्तर नाही, फोनवरची आजी लागते. आपला समाज म्हणजे न्यू जर्सीतली आपली शाळा, असे मुलाने ठरवले तरी परीक्षकाची हरकत नसते. पण निवडायला दोन गोष्टी हाताशी असणे वेगळे आणि एकच असणे वेगळे.

मला वाटते, संस्कृतीचा तास स्वयंपाकघरातून सुरू करावा. बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. 'टोमॅटो' हा शब्द मेक्सिकोच्या नाउआत्ल भाषेतला, आणि डहाणूचा चिकूही त्याच भाषेतल्या चिकासाठीच्या शब्दावरून आलेला. मेक्सिकोच्या वेदीवर ज्या केशरी फुलांच्या पाकळ्यांची वाट घालतात, ते सेंपासुचिल म्हणजे आपला झेंडू. मूळचा तिकडचाच तो. ते तो मृतांसाठी पसरतात, आपण त्याचे दसऱ्याला तोरण बांधतो.